शंकराच्या दहा हातांचं गणित

शंकराची एक मूर्ती घडवायची आहे. दहा हातांची! हातांत द्यायच्या वस्तूही दहाच: पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य. (खट्वांग म्हणजे टोकाला कवटी बसवलेला दंड, आणि शक्ती म्हणजे भाल्यासारखं शस्त्र.) एका हातात एकच वस्तू. पण कुठल्या हातात कुठली, हे काही ठरलेलं नाही. डमरू डावीकडून उजवीकडे गेला, साप वरून खाली आला, की मूर्ती वेगळी. तर अशा एकूण किती वेगवेगळ्या मूर्ती होतील?

पुढे वाचू नका. आधी वहीच्या कोपऱ्यात एक अंदाज लिहा. शंभर? हजार? हवं तर लाख लिहा.

हा प्रश्न साडेआठशे वर्षांहून जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ नावाचं गणिताचं पुस्तक लिहिलं. तेव्हा त्यांचं वय होतं ३६. त्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाचं नाव ‘अंकपाश’, आणि त्यातच हा दहा हातांचा शंकर बसला आहे. भास्कराचार्य आपल्या सह्याद्रीच्या परिसरातले. चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे, १२०७ सालचा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे एक मठ काढला, असं त्यावर कोरलेलं आहे. नातवाने आजोबांच्या पुस्तकांसाठी शाळा काढावी, हे मला फार आवडतं.

बरं, मूर्तीकडे वळू. पहिल्या हातात दहापैकी कोणतीही वस्तू देता येईल, म्हणजे १० प्रकार. समजा डमरू दिला. आता दुसऱ्या हातासाठी उरल्या ९ वस्तू. डमरूऐवजी साप दिला असता, तरी दुसऱ्या हातासाठी ९ च उरल्या असत्या. पहिल्या हाताच्या दहाही प्रकारांमागे दुसऱ्या हाताचे नऊ-नऊ प्रकार, म्हणून इथे बेरीज नाही, गुणाकार: १० × ९ = ९०. दोनच हात भरले आणि नव्वद मूर्ती झाल्या! तिसऱ्या हातासाठी ८ वस्तू, चौथ्यासाठी ७... शेवटच्या हाताला काही निवडायला मिळतच नाही, बिचारा उरलेली वस्तू मुकाट्याने घेतो.

१० × ९ × ८ × ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १ = ३६,२८,८००.

छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे मूर्ती! किती जणांचा अंदाज इतका वर गेला होता?

ही संख्या किती मोठी, ते असं पाहू. सगळ्या मूर्ती रांगेत मांडल्या आणि एकेक मूर्ती फक्त एक सेकंद पाहिली, जेवण नाही, झोप नाही, तर किती वेळ लागेल? बरोब्बर सहा आठवडे. ना एक सेकंद जास्त, ना एक सेकंद कमी. विश्वास बसत नाही? सहा आठवड्यांचे सेकंद म्हणजे ६ × ७ × २४ × ६० × ६०. यातले ६ आणि ७ वरच्या गुणाकारात आहेतच. २४ म्हणजे ३ × ८. आणि ६० × ६० म्हणजे ३६००, तेच २ × ४ × ५ × ९ × १०. झाले की सगळे आकडे वापरून! १ तेवढा उरला, पण गुणाकारात त्याला कोण विचारतो.

असा लांबलचक गुणाकार लिहायचा कंटाळा येतो, म्हणून गणितात नुसतं १०! लिहितात. ते उद्गारचिन्ह आश्चर्याचं नाही. त्याला फॅक्टोरियल म्हणतात. (मला मात्र ते आश्चर्याचंच वाटतं.)

त्याच श्लोकात भास्कराचार्य विष्णूच्या मूर्तींबद्दलही विचारतात. विष्णूला हात चार, वस्तू चार: शंख, चक्र, गदा, पद्म. मूर्ती किती? ४ × ३ × २ × १ = २४. घरात कुणी संध्या करत असेल, तर ‘केशवाय नमः, नारायणाय नमः’ ही नावं कानावर पडली असतील. ती नावं मोजा. चोवीस भरतात! मूर्तिशास्त्रात विष्णूच्या या चोवीस मूर्ती चार वस्तूंच्या क्रमावरून ओळखतात. क्रम बदलला की मूर्तीचं नाव बदललं. पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात, तर विष्णूचा मुकुट नंतर पाहा, आधी हात पाहा.

आता परीक्षेकडे वळू. अशी गणितं स्पर्धा परीक्षांत हमखास येतात, आणि हुशार मुलंही त्यांत घसरतात. हे दोन प्रश्न वाचा.

सई, ओम, झोया, कबीर आणि मुक्ता या पाच जणांमधून वर्गाचे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार किती प्रकारे निवडता येतील?

याच पाच जणांमधून सहलीला जाण्यासाठी तीन जण किती प्रकारे निवडता येतील?

दोन्हीकडे पाचातून तीन. मग उत्तरं सारखी? छे! पहिल्याचं उत्तर सरळ आहे: ५ × ४ × ३ = ६०. दुसऱ्यात मात्र एक गंमत करून बघा. सई, ओम, झोया सहलीला निघाले आहेत. सई आणि ओमने बसमध्ये जागा बदलल्या. सहलीला जाणारे बदलले का? नाही, तेच तिघे. पण सई अध्यक्ष आणि ओम सचिव असताना त्यांनी पदांची अदलाबदल केली, तर? तर सगळंच बदललं!

म्हणून कुठलाही असा प्रश्न आला, की सूत्र आठवण्याआधी मनातल्या मनात दोघांची अदलाबदल करून बघायची. काही नवीन घडलं, तर ती मांडणी, म्हणजे पर्म्युटेशन. तेच राहिलं, तर ती नुसती निवड, म्हणजे कॉम्बिनेशन. माझ्या मते या धड्यातली खरी युक्ती एवढीच, बाकीचा हिशोब.

सहलीचं उत्तर काढू. ६० मध्ये सई, ओम आणि झोया हे त्रिकूट किती वेळा मोजलं गेलं? तिघांच्या आपसात ३ × २ × १ = ६ मांडण्या होतात, म्हणजे सहा वेळा. प्रत्येक त्रिकूट असंच सहादा मोजलंय. म्हणून ६० ÷ ६ = १०. परीक्षेत पर्यायांमध्ये १० आणि ६० दोन्ही दिलेले असतात, बरं का! पेपर काढणाऱ्याला तुम्ही कुठे चुकणार ते आधीच ठाऊक असतं.

आणि एक सांगा, पाच जणांमधून घरी राहणारे दोघं किती प्रकारे निवडाल? काही गुणू नका. तिघं निवडले की दोघं आपोआप घरी राहिलेच! म्हणजे तेही १०.

निवडीचे प्रश्नही ‘लीलावती’त आहेत, आणि त्यातला एक तर तोंडाला पाणी सुटेल असा. चवी सहा: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. त्यांतून एक, दोन, तीन अशा चवी एकत्र केल्या, तर किती प्रकार होतील? पन्हं करताना गूळ आधी घाला की कैरीचा गर आधी घाला, पन्हं तेच. म्हणजे ही निवड. भास्कराचार्यांची रीत इतकी सुटसुटीत आहे, की लगेच करून बघा. वर उलटे आकडे लिहायचे, खाली सुलटे:

६ ५ ४ ३ २ १
१ २ ३ ४ ५ ६

आता डावीकडून निघायचं. वरच्याने गुणायचं, खालच्याने भागायचं, आणि आलेलं उत्तर हातात धरून पुढे जायचं. ६ ला १ ने भागलं, ६: एकेकट्या चवी. त्या ६ ला ५ ने गुणून २ ने भागलं, १५: दोन-दोन चवींच्या जोड्या. १५ गुणिले ४ भागिले ३, म्हणजे २०. पुढे १५, मग ६, मग १. प्रत्येक वेळी भाग पूर्ण जातो, अपूर्णांक कधी येतच नाही. जाणारच, कारण आपण खऱ्याखुऱ्या वस्तू मोजतोय, आणि साडेसात जोड्या कुठे असतात? सगळ्यांची बेरीज ६ + १५ + २० + १५ + ६ + १ = ६३.

एक आडवाट सांगतो. प्रत्येक चवीला एकच प्रश्न विचारा: ‘तू येतेस का?’ हो किंवा नाही, दोनच उत्तरं. सहा चवी, म्हणून २ × २ × २ × २ × २ × २ = ६४. त्यातून सगळ्याच चवींनी ‘नाही’ म्हटलेला एक बेचव पदार्थ वगळला, की ६३! याच पुस्तकात राजाच्या वाड्याची आठ दारं आहेत. एक उघडं, दोन उघडी, असं करत किमान एक तरी दार उघडं ठेवायचे प्रकार किती? आडवाटेने जा आणि वरच्या-खालच्या आकड्यांनीही जा. दोन्हीकडून २५५ आलं पाहिजे.

आता परीक्षेतले दोन खड्डे. पहिला शून्याचा. ०, १, २, ३ हे अंक एकेकदा वापरून चार अंकी संख्या किती? २४ म्हणाल, तर फसलात. त्यांत ०१२३ सारख्याही आल्या, आणि ती काही चार अंकी संख्या नव्हे. पुढे शून्य ठेवलं तर बाकीच्या तिघांच्या मांडण्या ६. २४ − ६ = १८.

दुसरा खड्डा सारख्या अंकांचा, आणि तो भास्कराचार्यांनीच खणून ठेवलाय: २, २, १, १ या अंकांपासून संख्या किती? पुन्हा अदलाबदल करा. एका २ ने दुसऱ्या २ शी जागा बदलली, तर कुणाला पत्ताही लागत नाही. तेच दोन १ चं. म्हणून २४ ला २ ने भागा, परत २ ने भागा. संख्या ६.

पण भास्कराचार्य इथे थांबत नाहीत. ते विचारतात, या सगळ्या संख्यांची बेरीज किती? सहाही संख्या एकाखाली एक लिहा. एककाच्या घरात तीन २ आणि तीन १ दिसतील, बेरीज ९. दशकाच्या घरातही तेच, शतकातही, हजारातही. बेरीज ९९९९! एकही संख्या खरोखर मिळवावी लागली नाही.

आता वही घ्या. २ पासून ९ पर्यंतचे आठ अंक, प्रत्येक एकदाच वापरायचा. आठ अंकी संख्या किती होतील, आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? हाही ‘लीलावती’तलाच. पहिलं उत्तर ४०,३२०. एवढ्या संख्या लिहीत बसलात तर दिवाळीची सुट्टी संपेल, पण घरं मोजण्याची युक्ती लावली तर वहीचं अर्धं पान पुरतं. बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६० येते का, बघा.