शॉकअपचा बोल्ट तुटला तर

वसई तालुक्यातल्या चांदीपसारख्या गावातून रोज सकाळी विरार स्टेशन गाठणाऱ्या माणसाची मोटारसायकल गॅरेजमध्ये अडकली, की त्याचा त्या दिवसाचा रोज बुडालाच. त्यामुळे मागचा शॉकअप बदलायला गाडी घेतली आणि बोल्ट तुटला, तर मालक आणि मेकॅनिक दोघेही घाईला येतात. आणि मंडळी, पुढचं नुकसान होतं ते या घाईतच. थोडक्या पैशांच्या बोल्टपायी अख्खा चिमटा, म्हणजे मागचं चाक धरून ठेवणारी लोखंडी चौकट, बदलायची पाळी येते.

बोल्ट तुटतो कशानं? या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शॉकअपचा खालचा बोल्ट चाकाला लागून असतो, म्हणून चिखलपाणी थेट त्याच्यावर उडतं. मागे मासळीचा डबा बांधला असेल तर बर्फाचं खारट पाणीही तिथंच ठिबकतं. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो पाचरीसारखा ठासून बसतो. मग पान्याला लांब पाइप लावून ओढलं की आटे सुटत नाहीत, बोल्टच पिळवटून तुटतो.

तुटल्यावर पहिलं काम म्हणजे गाडी मेन स्टँडवर घेऊन मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा द्यायचा. नाहीतर शॉकअप सुटताच चिमटा खाली बसतो. मग तुकडा किती उरलाय ते पाहायचं. डोकं उडून दांडा बाहेर राहिला असेल तर नशीब चांगलं. शॉकअप ओढून काढा, दांड्याच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारा आणि थांबा. डिझेलही झिरपतं, पण त्याला रात्रभर वेळ द्यावा लागतो. ब्रेकवर मात्र यातला थेंबही जाऊ देऊ नका. नंतर ग्रिप पकडीनं दांडा एकाच दिशेला न पिळता थोडा पुढे, थोडा मागे हलवायचा.

नाहीच हलला तर गरम करावं लागतं. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: शॉकअप जागेवर असताना ज्योत लावायची नाही. त्याच्या बंद नळीत तेल असतं, काहींत दाबाखाली नायट्रोजनही असतो. तापल्यावर ती नळी फुटू शकते. शॉकअपच्या डोळ्यातली लोखंडी नळी बोल्टवर गंजून बसली असेल, तर रबरी बुश सुरीनं कापा आणि नळीला करवतीनं उभी चीर द्या. बुश नवा घालावा लागेल, पण शॉकअप वाचेल.

तुकडा आतच, पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: वेल्डरकडे जा. तो तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरतो. त्या उष्णतेनं गंजाची पकड मोडते आणि नटाला पाना लावून तुकडा बाहेर येतो. त्याआधी बॅटरीची वायर सोडायची आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायची.

ड्रिल करायचं ठरवलंच, तर तुकड्याच्या अगदी मध्यावर पंच मारून आधी बारीक भोक पाडा, मग मोठं. मध्य चुकला की आटे कापले जातात. त्या भोकात उलट्या आट्यांचा ईझी-आउट घालतात. तो कडक पोलादाचा आणि म्हणून ठिसूळ असतो. आत मोडला तर साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. हात जड लागला की थांबून पुन्हा गरम करणं बरं.

तुकडा निघाला की आट्यांतून टॅप फिरवून गंज साफ करायचा. नवा बोल्ट घेताना जुना तुकडा दुकानात न्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या दहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टचे आटे दीड मिलिमीटर अंतराचे असतात, तर बऱ्याच मोटारसायकलींत ते सव्वा मिलिमीटरवर असतात. असा बोल्ट एकदोन वेढे जातो आणि अडतो. त्याला पाना लावला की साफ केलेले आटे गेलेच. डोक्यावरचा ताकदीचा अंक, उदाहरणार्थ ८.८, तोही जुन्याशी जुळवून घ्या. या बोल्टवर बसणाऱ्यांचं वजन आणि खड्ड्यांचे हादरे दोन्ही येतात. बसवताना दांड्याला ग्रीस लावा, आणि पावसाळा संपला की एकदा खोलून पुन्हा लावा.