फेल्टमच्या घरातला फारोख

लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टम नावाचं उपनगर आहे. तिथल्या ग्लॅडस्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका साध्या घरावर १ सप्टेंबर २०१६ रोजी ‘इंग्लिश हेरिटेज’ची निळी गोल पाटी लागली. पाटीवर नावं दोन आहेत : फ्रेडी मर्क्युरी आणि फ्रेड बुलसारा. पहिलं, ‘क्वीन’ या रॉक बँडच्या गायकाचं, जगाला पाठ आहे. दुसरं ज्यांनी जवळून पाहिलं, त्या धाकट्या बहिणीला, कश्मीरा कुक यांना, त्या दिवशी काय वाटलं असेल?

फ्रेडीचं मूळ नाव फारोख. जन्म १९४६ सालचा, झांझिबारच्या पारशी घरातला. कश्मीरा त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. ती जेमतेम चालू-बोलू लागली असेल, तोच आठ वर्षांचा फारोख बोटीनं निघाला आणि आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात दाखल झाला. तिथे तो पियानो शिकला, ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला, मित्रांच्या तोंडी ‘फ्रेडी’ झाला. पाचगणीला तो मिळाला खरा, पण बहिणीचं बालपण रोजच्या भावाविना गेलं.

१९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, रक्तपात झाला. बुलसारा कुटुंब सगळं मागे टाकून फेल्टमला आलं. संसार नव्यानं मांडायचा होता. पण पाचगणी मागे पडली होती; बहीण-भाऊ आता एका छपराखाली होते.

फ्रेडी ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला. पैशांसाठी हीथ्रोवर प्रवाशांचं सामान उचलण्याचं कामही त्यानं केलं. त्या काळी तरुण मुलं विस्कटलेले लांब केस अभिमानानं मिरवायची. हा मात्र बाथरूममध्ये शिरला की केस नीट करण्यात रमून जायचा, ही कश्मीरा यांची आठवण. बाहेर खोळंबलेल्या धाकट्या बहिणीला तेव्हा कुठे ठाऊक होतं, की आत एक माणूस स्वतःला घडवतोय! आई जेर यांची आठवण आणखी हळवी : गाण्यांचे कागद तो उशीखाली ठेवायचा आणि टाकू नकोस म्हणून बजावायचा.

त्याच फेल्टममध्ये, थोड्याच गल्ल्या पलीकडे, ‘क्वीन’चा भावी गिटारवादक ब्रायन मे लहानाचा मोठा झाला होता. दोघांची ओळख मात्र पुढे, ईलिंगच्या मित्रांमुळे झाली. १९७० मध्ये ‘क्वीन’ उभी राहिली आणि फेल्टमचा मुलगा जगाचा झाला.

१९९१ मध्ये तो गेला. त्याच्यावरच्या माहितीपटांतून कश्मीरा बोलल्या आहेत, मोजकं आणि मायेनं. चाहत्यांकडे त्याची हजारो छायाचित्रं असतील. पण टाळ्या वाजायच्या आधीचा फारोख कुठल्याच ध्वनिमुद्रिकेत सापडत नाही. तो आहे बंद बाथरूमच्या दारापाशी, उशीखालच्या कागदांत. ते कागद त्या घरानं जपले, तेव्हा त्यांचं मोल कुणीच ठरवलेलं नव्हतं.