गरिबाचा वकील कोण?

न्यायमंदिराचें द्वार सर्वांस सारखेंच खुलें आहे, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु आंत गेल्यावर काय बोलावें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास त्या खुल्या द्वाराचा उपयोग काय? या प्रश्नाचें उत्तर मुळशी खोऱ्यानें फार पूर्वीं दिलें आहे.

१९२१ सालीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांचीं नांवें त्यामुळें घरोघरीं झालीं. तुरुंगवासाची कथा सर्वश्रुत आहे. कायद्याची कथा मात्र कोणी सांगत नाहीं. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें मोबदला अपुरा वाटल्यास ठराविक मुदतींत अर्ज करून न्यायालयाकडे दाद मागतां येत असे. पण हरकत न नोंदवितां पैसे उचलले, कीं तो हक्कच बुडे! हें कलम निरक्षर कुळास कोणीं समजावून द्यावें? पुण्याच्या सावकारास वकील गांठणें सोपें होतें, मावळ्यास नव्हतें.

आज कायदा बदलला आहे, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. १९७६ सालीं घटनेंत ३९-अ कलम आलें. १९८७ चा विधिसेवा कायदा १९९५ पासून अमलांत आहे. स्त्रिया, बालकें, अनुसूचित जातिजमातींचे लोक व कोठडींतील इसम यांस उत्पन्न न पाहतां मोफत वकील मिळतो. आणि सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं सुक दास प्रकरणांत, आरोपीस हा हक्क सांगितला नाहीं एवढ्याच कारणास्तव शिक्षा रद्द केली.

कोणी म्हणतील, गुन्हेगारास लोकांच्या पैशानें वकील कशास? आमचें उत्तर असें कीं, गुन्हा शाबीत होईपर्यंत तो गुन्हेगार नव्हे. आणि निरपराध्यास शिक्षा झाली, तर खरा अपराधी मोकळाच राहतो.

तथापि हक्क कागदावर असणें निराळें व पदरांत पडणें निराळें. पूर्वीं अशीं कामें यादींतील वकिलांकडे जात. अल्प मेहनतान्याचें काम खासगी कामाच्या मागें पडे. २०२२ पासून लोकरक्षक वकिलांची पूर्ण वेळची योजना सुरू झाली. ती स्तुत्य आहे. परंतु ती केवळ फौजदारी खटल्यांपुरती आहे. मुळशीचें दुखणें तर बहुधा जमिनीचें! तेथें अद्याप जुन्या यादीवरच भिस्त आहे. शिवाय सरकारी वकिलामागें पोलिसांचा तपास उभा असतो. लोकरक्षकाच्या हातीं तपासाचें साधन कोणतें?

यास्तव आमच्या सूचना तीन. पौड येथील पोलीस ठाण्यांत व प्रत्येक ग्रामपंचायतींत हा हक्क सोप्या मराठींत ठळकपणें लावावा. आरोपीस प्रथम न्यायाधीशापुढें नेतांनाच वकील हजर असावा व त्यास अशिलाशीं बोलण्यास पुरेसा वेळ मिळावा. आणि जमिनीच्या दाव्यांसाठींही पूर्ण वेळचे, चांगल्या वेतनाचे वकील नेमावेत.

आमच्या व्यापारी वाचकांस तराजूचा धर्म सांगावयास नको. एका पारड्यांत सरकारची सर्व शक्ति आणि दुसऱ्यांत एकटा भयभीत मनुष्य, अशा तराजूस खरा कोण म्हणेल? दुसऱ्या पारड्यांत घालावयाचें वजन म्हणजेच गरिबाचा वकील. तो चांगला नेमणें हा उपकार नव्हे, राज्याचें कर्तव्य होय.