नकाशा रिकामा असेपर्यंत

"एकच टर्न, एवढा संपवतो आणि जेवायला येतो." सुट्टीच्या दिवसांत ज्या घरातून हे वाक्य ऐकू येतं, तिथे बहुधा 'सिव्हिलायझेशन' किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी एखादा खेळ चालू असतो. तो एक टर्न कधीच एक नसतो, हे आपल्या आयांना चांगलं ठाऊक आहे.

मी ग्वाल्हेरचा, व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर. आमचा पाच जणांचा गट गेली काही वर्षं हा खेळ एकमेकांविरुद्ध खेळतो. दोघे इथे ग्वाल्हेरला, मावसभाऊ इंदूरला, एक मित्र पुण्याला आणि एक बंगळुरूला. ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा त्याने आपला टर्न खेळायचा, अशी सोय या खेळात आहे. त्यामुळे नोकरी आणि संसार सांभाळून एक डाव दोन-अडीच महिने सहज चालतो.

हा लेख त्या खेळाच्या सुरुवातीच्या टप्प्याबद्दल आहे. पसरायचं किती, कुठे, आणि शेजाऱ्याशी खटका उडतो तो नेमका केव्हा? हे प्रश्न मला जास्त ओळखीचे वाटतात, कारण आपण मध्य भारतातली मराठी माणसं ज्या गावांत राहतो, ती गावं याच प्रश्नांच्या उत्तरांतून आपल्या वाट्याला आलेली आहेत.

बुद्धिबळाहून वेगळं काय?

बुद्धिबळात पहिल्या चालीला दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी असतात. कोण कुणाचा शत्रू हे ठरलेलं असतं. या खेळांत पट जवळजवळ रिकामा असतो. तुमच्याकडे एक सेटलर, म्हणजे गाव वसवणारी तुकडी, आणि एक योद्धा. भोवताली अंधार. नदी कुठे, डोंगर कुठे, शेजारी कोण, काहीच माहीत नसतं.

सिड मायर यांचा पहिला 'सिव्हिलायझेशन' १९९१ मध्ये आला. तो एकट्याने कॉम्प्युटरविरुद्ध खेळायचा होता. पुढे १९९६ च्या सुमारास डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी त्याच धर्तीवर 'फ्रीसिव्ह' तयार केला. तो अनेकांनी मिळून खेळण्यासाठीच बनवलेला होता, आणि आजही फुकट मिळतो. अशा खेळांना 'फोर एक्स' म्हणतात. अ‍ॅलन एमरिक या लेखकाने १९९३ मध्ये हे नाव रूढ केलं. शोधा, पसरा, वापरा, संपवा, अशा चार पायऱ्या त्यात आहेत. नवखा खेळाडू चौथ्या पायरीचा विचार करत बसतो. मुरलेला खेळाडू सगळं लक्ष पहिल्या दोनांवर ठेवतो.

पहिले पन्नास टर्न

त्याचं कारण साधं चक्रवाढ व्याजाचं आहे. समजा, एक नवं शहर दर टर्नला सरासरी ४ उत्पादन देतं. तेच शहर ५० व्या टर्नऐवजी २० व्या टर्नला वसवलं, तर ३० टर्नचे १२० जास्तीचे मिळाले. त्यातून पुढचं शहर, त्यातून आणखी पुढचं. शंभराव्या टर्नला कोण पुढे असेल, याचा बराचसा निकाल पहिल्या पन्नासांतच लागलेला असतो.

मग सगळेच धडाधड शहरं का वसवत नाहीत? कारण प्रत्येक सेटलरची किंमत मोजावी लागते. 'सिव्हिलायझेशन ६' मध्ये सेटलर तयार झाला की त्या शहराची लोकसंख्या एकाने घटते, आणि प्रत्येक नवा सेटलर आधीच्यापेक्षा महाग पडतो. तो तयार होत असताना तिथे धनुर्धारी तयार होत नाहीत, कोठार बांधलं जात नाही. एवढ्यात रानटी टोळीचा टेहळ्या तुमचं शहर बघून तळावर परत पोचला, तर थोड्याच टर्नमध्ये टोळी दारात. एकटा निघालेला सेटलर तर शत्रूच्या आयताच हाती लागतो.

'फ्रीसिव्ह'मध्ये काही जण दुसऱ्या टोकाला जातात. नकाशाभर इवलीइवली शहरं खेटून वसवायची. या डावपेचाला तिथे 'स्मॉलपॉक्स' म्हणतात, म्हणजे आपल्याकडची देवी. नकाशा खरंच देवीचे व्रण उठल्यासारखा दिसतो. त्याला आळा म्हणून शहरं वाढतील तशी प्रजा नाराज होत जाते, असा नियम त्या खेळात आहे.

थोडक्यात, पसरणं हे उधार घेऊन धंदा वाढवण्यासारखं आहे. व्याज परवडेल तेवढंच घ्यायचं, पण घ्यायचंच.

शेजारी शत्रू केव्हा होतो?

आता मुख्य मुद्दा. आमच्या गटाच्या अनेक डावांत मी एक गोष्ट पाहिली आहे. पहिले तीस-चाळीस टर्न सगळे एकमेकांचे जिवलग असतात. "तू उत्तरेला जा, मी दक्षिणेला जातो," असे निरोप जातात. टेहळ्यांना वाट दिली जाते. हा सगळा गोडवा नकाशा रिकामा असेपर्यंतच. मधली शेवटची चांगली नदी कुणीतरी घेतली की त्याच टर्नपासून भाषा बदलते. माणसं तीच असतात, मोकळी जागा तेवढी संपलेली असते.

यात सर्वांत बोचणारी चाल म्हणजे आपल्या पाठीमागची जागा मोकळी ठेवून आधी शेजाऱ्याच्या तोंडाशी शहर वसवणं. पाठीमागची जागा कुठे जात नाही, ती नंतरही आपलीच. सीमेवरची आज घेतली तर आपली, उद्या त्याची. हिशेब अगदी बरोबर आहे, आणि भांडणाचं मूळही तोच आहे. 'सिव्हिलायझेशन ६' च्या २०१८ मधल्या विस्तारात यावर उपाय म्हणून निष्ठेचा नियम आला. आपल्या मुलखापासून दूर, दुसऱ्याच्या दाट वस्तीला चिकटून वसवलेलं शहर हळूहळू बंड करून स्वतंत्र होतं, आणि पुढे शेजाऱ्याला जाऊन मिळू शकतं.

कॉम्प्युटरचा राग आकड्यांत असतो, काही टर्नांनी उतरतो. माणसाचा राग उतरत नाही. आमच्या एका डावात पुण्याच्या मित्राने इंदूरच्या मावसभावाच्या राजधानीपासून अवघ्या चार घरांवर शहर वसवलं. दोन शहरांत तीन घरं मोकळी सोडावीच लागतात, म्हणजे नियमात बसेल तितकं जवळ! चाळीसेक टर्न दोघे लढले. दोघांचीही शहरं मोडली, दोघांच्याही पाठशाळा बांधायच्या राहिल्या. समुद्रापलीकडचा बंगळुरूचा मित्र एकही लढाई न करता अंतराळयान सोडून जिंकला.

माळव्याचा पट

हा डाव बघताना मला आपलाच इतिहास आठवत होता. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर' या खेळात मराठे घेऊन खेळता येतं. त्याचाही मोठा नकाशा टर्नवर चालतो, इ. स. १७०० पासून वर्षाला दोन टर्न. पण त्यात सगळे मराठे मिळून एकच खेळाडू, एकच रंग. माळव्यात राहणाऱ्याला हे पटत नाही. इथे एका बाजूने अनेक खेळाडू होते आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा होता.

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारजवळ अमझेरा येथे चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदार गिरधर बहादुरचा पराभव केला आणि माळव्याचं दार उघडलं. मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, राणोजी शिंदे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. दोघेही बाजीरावांच्या हाताखाली वर आलेले. १७३० च्या दशकात माळव्याची वाटणी झाली. राणोजींनी उज्जैनला ठाणं केलं, मल्हाररावांकडे इंदूरचा मुलूख आला, पवारांकडे धार आणि देवास. १७४१ मध्ये बादशहाकडून माळव्यावरच्या हक्काला मान्यताही मिळाली.

आता नकाशा काढून अंतरं बघा. उज्जैन ते इंदूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. देवास दोन्हींपासून चाळीसच्या आतबाहेर. देवासात तर तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांची दोन स्वतंत्र राज्यं एकाच गावातून चालली, ती थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत! शहरं इतकी खेटून असूनही सुरुवातीला बिघडलं नाही, कारण पुढे राजपुताना, दोआब, दिल्ली असा मोकळा मुलूख पडलेला होता. वाढायला जागा होती तोवर शिंदे-होळकर खांद्याला खांदा लावून लढले.

खटके तेव्हाही उडत. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मल्हाररावांचा मुलगा खंडेराव मारला गेला. त्यानंतर सूरजमल जाटाशी तडजोड करण्यावरून मल्हारराव आणि जयाप्पा शिंदे यांच्यात आलेली कटुता पुरती गेली नाही. तरी उघडी लढाई झाली नव्हती. ती पुढच्या काळात झाली. उत्तरेचा कारभार महादजींच्या हाती एकवटला, वाटून घ्यायला नवं फारसं उरलं नाही, आणि १ जून १७९३ रोजी लाखेरीला शिंद्यांच्या द बोअनच्या पलटणींनी तुकोजी होळकरांच्या फौजेचा पराभव केला. दोन्ही बाजूंना मराठेच होते.

नंतरचे टर्न भराभर पडले. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मोडली. ऑक्टोबरमध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरला यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेला हरवलं. पेशवे पळाले, आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या आसऱ्याला गेले.

समुद्रापलीकडचा खेळाडू

१८०३ मध्ये शिंदे इंग्रजांशी लढले. २३ सप्टेंबरला असई, १ नोव्हेंबरला लासवारी. होळकर त्या युद्धात उतरले नाहीत. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहात दिल्ली आणि दोआब गेला. १८०४ मध्ये होळकर लढायला उभे राहिले, कर्नल मॉन्सनच्या फौजेला त्यांनी धूळ चारली, तेव्हा शिंद्यांचे हात तहाने बांधलेले होते. एकाच शत्रूशी दोघांनी लढावं, पण पाठोपाठच्या वर्षांत, वेगवेगळं. टर्न घेऊन खेळल्यासारखं.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. फिरती छावणी तिथेच रुजली, तिचं शहर झालं आणि नाव पडलं लष्कर. खेळात सेटलर जागीच बसून गाव होतो, तसं हे खरंखुरं गाव. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांपैकी कितीतरी जणांचे पूर्वज या फौजेबरोबर किंवा तिच्या दप्तराबरोबर इथे आले.

शिंदे मोठे की होळकर मोठे, हा वाद आजही ग्वाल्हेर आणि इंदूरच्या मंडळींच्या गप्पांत मिठाइतका असतोच. माझा आणि मावसभावाचाही होतो. पण खेळाने मला दाखवलेली बाजू अशी, की तो झगडा केवळ स्वभावांचा नव्हता. दोघांच्या जागा आतून खेटलेल्या होत्या आणि बाहेरची मोकळी जागा संपत आली होती. त्यावेळी सीमा आणि हिस्सा दोघांनाही मान्य होईल असा ठरवून देणारा कुणी उरला नव्हता. थोरले बाजीराव वाटणी करून देऊ शकले, दुसरे बाजीराव एका बाजूला जाऊन उभे राहिले.

आमचे तीन नियम

तुमचाही गट असेल, भावंडं मिळून खेळत असाल, तर आम्ही आता पाळतो ते तीन नियम करून बघा.

पहिला, शेजारी दिसल्यापासून दहा टर्नच्या आत सीमा बोलून घ्यायची. नदी किंवा डोंगररांग धरायची, म्हणजे पुढे "इथपर्यंत म्हणजे कुठपर्यंत" असा वाद होत नाही. मधली जागा रिकामी असताना ती सोडून देणं स्वस्त पडतं. शहर वसल्यावर तेच प्राणावर येतं.

दुसरा, शेजाऱ्याच्या तोंडाशी शहर वसवायचंच असेल, तर आधी सांगायचं आणि त्याच्या बदल्यात काहीतरी द्यायचं. फुकट घेतलेली जागा सगळ्यात महाग पडते.

तिसरा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. दर दहा टर्नांनी शेजाऱ्यावरची नजर काढून, ज्याच्याशी आपली सीमा लागतच नाही त्या खेळाडूचा गुणफलक उघडून बघायचा. लढाई चालू असेल तर अधिकच. त्याचा आकडा आपल्या दोघांपेक्षा वेगाने वाढत असेल, तर त्याच टर्नला शेजाऱ्याला फोन लावायचा. आमच्या मागच्या डावात मावसभावाने मला असाच रात्री साडेअकराला फोन केला होता. तह पाच मिनिटांत झाला.