सत्तर टक्के म्हणजे डिस्टिंक्शन: ब्रिटनमध्ये औषधशोधाच्या एमएस्सीला गुण कसे मिळतात

लंडनच्या ब्रन्स्विक स्क्वेअरमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचं स्कूल ऑफ फार्मसी आहे. फार्मास्युटिकल सोसायटीने १८४२ मध्ये सुरू केलेली ही संस्था २०१२ मध्ये या विद्यापीठात विलीन झाली. तिथे ‘ड्रग डिस्कव्हरी अँड फार्मा मॅनेजमेंट’ नावाची एमएस्सी आहे. औषधाचा रेणू शोधण्यापासून ते औषध बाजारात आणेपर्यंतचा सगळा प्रवास ती एका वर्षात शिकवते. अशा अभ्यासक्रमांची स्वप्नं पाहणारी बी.फार्म.ची मुलं-मुली आपल्याकडे भरपूर आहेत. फी, व्हिसा, राहण्याची सोय यांची ती कसून चौकशी करतात. गुण कशाला मिळतात, हे मात्र बहुतेक जण विचारतच नाहीत. मग सीनियरकडून ऐकलेल्या अर्धवट गोष्टींवर भिस्त राहते आणि पहिल्या सत्रातच त्याचा फटका बसतो.

गैरसमज: एका वर्षाची पदवी म्हणजे हलकी पदवी

ब्रिटनमधली एमएस्सी साधारणपणे १८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटमागे १० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे झाले १,८०० तास. वर्गातले तास यातले थोडेच. उरलेलं वाचन, लेखन आणि प्रयोग विद्यार्थ्याने स्वतःच्या हिमतीवर करायचे असतात. सहसा यातली ६० क्रेडिट संशोधन प्रकल्पाची असतात. वेळापत्रकात रिकामे दिसणारे दिवस सुट्टीचे नसतात, हे ज्यांना उशिरा कळतं त्यांची उन्हाळ्यात फार ओढाताण होते.

गैरसमज: सत्तर टक्के म्हणजे जेमतेम

आपल्याकडच्या एम.फार्म.ला ७० टक्क्यांवर ‘बी’ श्रेणी मिळते. ब्रिटनमध्ये ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. ८० च्या पुढचे गुण क्वचितच पडतात आणि ते खरोखर असामान्य कामाला मिळतात. त्यामुळे पहिल्या निबंधाला ६२ पडले म्हणून रडू नये. घरच्यांनीही फोनवर ‘एवढेच?’ असं विचारू नये; तिकडे ६२ हे चांगलं काम आहे.

गैरसमज: जेवढं लिहाल तेवढे गुण

मला हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज वाटतो, कारण ज्या सवयीने मुलं इथे पहिली येतात तीच सवय तिथे आड येते. व्याख्या, वर्गीकरण, फायदे, तोटे, आकृती असं सगळं पाठ करून मांडलं तर तिकडे उत्तीर्ण होता येतं, पण त्यापुढे जाता येत नाही. इंग्लंडच्या पात्रता आराखड्यात पदव्युत्तर पदवी सातव्या पातळीवर येते. पुरी माहिती हाताशी नसतानाही योग्य निर्णय घेता यावा, आणि तो जाणकाराला तसंच सामान्य माणसालाही स्पष्ट सांगता यावा, ही त्या पातळीची अपेक्षा आहे.

औषध उद्योग चालतो तोही असाच. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या औषधांपैकी सुमारे ९० टक्के औषधं मंजुरीपर्यंत जात नाहीत. फायझरच्या टॉर्सेट्रापिबचं उदाहरण घ्या. हे औषध ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल भरपूर वाढवायचं आणि कंपनीच्या मोठ्या आशा त्यावर होत्या. पण सुमारे १५,००० रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये ८२ आणि न घेणाऱ्यांमध्ये ५१ मृत्यू झाल्याचं दिसलं, आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. औषधाने रक्तदाब वाढतो हे आधीच्या चाचण्यांमध्येच दिसलं होतं. आता विद्यार्थ्याला प्रश्न असा येऊ शकतो: चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी तुम्ही त्या खुर्चीत असता, तर औषध पुढे पाठवलं असतं का? कंपनीच्या संचालकांसाठी दोन पानांत लिहा.

‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्ही उत्तरांना उत्तम गुण मिळू शकतात. कोणता पुरावा तुम्ही वजनदार मानला, कोणता बाजूला ठेवला आणि का, हे परीक्षक पाहतो. पानं दोनच असल्यामुळे कोलेस्टेरॉलची अख्खी जैवरसायनशास्त्रीय कहाणी लिहिणाऱ्याला निर्णयासाठी जागाच उरत नाही. मॅनेजमेंटचे विषय ‘गप्पांचे’ म्हणून सोडून देणारे नेमके इथे मागे पडतात. रसायनशास्त्र पक्कं असलेल्या हुशार मुलांनी हे गुण घालवावेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गैरसमज: प्रयोग फसला की प्रकल्प गेला

तयार केलेला रेणू प्रथिनाला चिकटला नाही, पेशींवर काही परिणाम दिसला नाही, तरी प्रकल्पाला डिस्टिंक्शन मिळू शकते. प्रश्न नीट मांडला होता का, तुलनेसाठी योग्य नियंत्रण ठेवलं होतं का, अपयशाची कारणं प्रामाणिकपणे तपासली का, यावर गुण ठरतात. ‘अपेक्षित’ निकाल दाखवण्यासाठी आकडे जुळवणं हा मात्र गंभीर गुन्हा आहे. कॉलेजात एकमेकांची जर्नल्स छापून सबमिशन उरकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. तिथे दोघांचं काम एकसारखं निघालं, तर देणाऱ्याचीही चौकशी होते.

गैरसमज: टर्निटिनमध्ये १० टक्क्यांच्या आत असलं की झालं

मजकुरातलं साम्य शोधणाऱ्या या सॉफ्टवेअरबद्दलच्या समजाचं मूळ भारतातच आहे. युजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ब्रिटिश विद्यापीठांत सहसा अशी सुरक्षित रेषा नसते. संदर्भसूचीमुळे २५ टक्के साम्य दिसलं तरी काम निर्दोष असू शकतं, आणि ४ टक्क्यांत एक उचललेला परिच्छेद असेल तर ते वाङ्मयचौर्य ठरतं. निर्णय शिक्षक वाचून घेतात. एआयच्या वापराबाबतही प्रत्येक असाइनमेंटला वेगळी सूचना असू शकते, म्हणून ती दर वेळी वाचावी.

गैरसमज: सरांची मर्जी असली की गुण चांगले पडतात

लेखी कामावर बहुधा नाव नसतं, फक्त उमेदवार क्रमांक असतो. दुसरा परीक्षक गुण पडताळतो. त्यावर दुसऱ्या विद्यापीठातला बाह्य परीक्षक असतो. ही पद्धत १८३० च्या दशकात डरॅम विद्यापीठाने ऑक्सफर्डचे परीक्षक बोलावले तेव्हापासूनची मानली जाते. आपल्या एम.फार्म.च्या थिअरीत अंतर्गत गुणांपैकी काही हजेरीला आणि शिक्षकांशी संवादाला असतात, तसं तिकडे सहसा नसतं.

याची दुसरी बाजूही जाणून घ्या. गुण कमी वाटले म्हणून आपल्यासारखं रिव्हॅल्युएशन मागता येत नाही. प्रक्रियेत चूक झाली असेल तर अपील करता येतं, पण परीक्षकाच्या शैक्षणिक निर्णयाला आव्हान देता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समधला स्वतंत्र तक्रार लवादही त्यात हात घालत नाही. नापास विषय पुन्हा देता येतो, मात्र त्याचे गुण बहुधा ५० वरच थांबतात. आजारपण किंवा घरातलं संकट असेल तर ते मुदतीत, कागदपत्रांसह कळवावं लागतं. निकालानंतर सांगितलं तर सहसा उपयोग होत नाही. संकोचापोटी गप्प बसणाऱ्या मुलांचं यात फार नुकसान होतं.

तेव्हा प्रवेशाचं पत्र स्वीकारण्याआधी एक काम करा. प्रत्येक विषयात परीक्षेला किती टक्के, लेखी कामाला किती आणि सादरीकरणाला किती, हे विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पाहा. तिथे नसेल तर विभागाला ईमेल करून विचारा आणि गुणांकनाचे निकषही मागवून घ्या. प्रवेशाआधी हे विचारण्यात काहीही कमीपणा नाही.