तुरीची रास आणि सक्तीचा बाजार

वेळ अमावास्येचे वनभोजन आटोपून बैलगाडीने किंवा मोटारसायकलीने घराकडे परतताना कोळारच्या शिवारात हमखास एक प्रश्न निघतो : यंदा तूर कोठे घालायची? हे कोळार सोन्याच्या खाणींचे नव्हे. बीदरलगतचे, औद्योगिक वसाहतीमुळे बाहेर ठाऊक झालेले. येथल्या शेतकऱ्याला बीदरचा गांधी गंज जवळ आहे, कलबुर्गीची तुरीची पेठ आहे आणि सीमा ओलांडली की उदगीर-लातूरचा मोंढा आहे. प्रश्न वरवर भावाचा दिसतो. आम्हांस मात्र तो पैसा हाती केव्हा पडतो, याचा अधिक वाटतो.

पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत. ज्याचे धान्य, त्यालाच तो कळत नसे. शिवाय कडता, धर्मादाय, नमुना अशी कापाकापी होऊन पट्टी हाती येई. या लुटीला आळा बसावा म्हणून हैदराबाद संस्थानाने १९३० साली शेतमाल बाजारांचा कायदा केला. पुढे कर्नाटकाचा १९६६ चा कायदा आला. ठरलेल्या आवारातच उघड लिलाव, परवान्याचा व्यापारी, परवान्याचा मापाडी आणि लेखी हिशेब, ही त्याची चौकट. या सक्तीने वजन सुधारले, पट्टी मिळू लागली. भावाची हमी मात्र तिच्यात नव्हती.

दुसरी सक्ती अधिक कठोर होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामी अमलात धान्याची लेव्ही बसली. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. सरकारने ठरवलेल्या भावाने ठरलेले धान्य घालावेच लागे. ज्याच्या घरी पिकले नाही, त्याने बाजारातून चढ्या दराने विकत आणून ते भरावे, असेही प्रसंग आले. एकाच हुकुमाने मोठ्या वाड्याला ओरखडा उमटे आणि लहान घराचे कंबरडे मोडे.

परदेशातही असे प्रयोग झाले. कॅनडात १९३५ साली गहू मंडळ निघाले आणि १९४३ पासून पश्चिमेकडील शेतकऱ्यांना गहू त्याच मंडळाला विकणे भाग पडले. माल घालताच उचल मिळे. सर्वांचा गहू विकून झाल्यावर सरासरीने उरलेली रक्कम येई. ही सक्ती २०१२ मध्ये संपली. महाराष्ट्राने १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, तिची ठेवण अशीच होती. बाहेर भाव पडला की तिचा आधार वाटे; बाहेर चढला की कापूस चोरवाटेने शेजारच्या राज्यांत जाई. पैसे देण्यास विलंब झाला की गरजू माणूस कमी भावात का होईना, रोख देणाऱ्याकडे वळे. सरासरी भाव चांगला. पण बँकेचा हप्ता सरासरीची वाट पाहत नाही.

तुरीचा अनुभव याहून ताजा आहे. २०१५ मध्ये डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. त्या आशेने पेरा वाढला, पाऊसही बरा झाला, आणि २०१६-१७ च्या हंगामात बाजारभाव हमीभावाच्या खाली घसरला. बोनस धरून हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता. समजा, एखाद्याने दहा क्विंटल तूर चार हजारांनी विकली. तर त्याचे साडेदहा हजार रुपये बुडाले. सरकारी खरेदी केंद्र होते, पण तेथे रांग होती, बारदानाची वाट पाहणे होते आणि पैसे नंतर खात्यावर येणार होते. ज्याला थांबता आले, तो वाचला.

२०२० साली कर्नाटकाने आवारातील विक्रीचे बंधन सैल केले. त्याच वर्षीचे केंद्राचे कायदे २०२१ मध्ये मागे घेतले गेले, आणि २०२३ मध्ये राज्याच्या विधानसभेने जुने बंधन परत आणणारे विधेयक संमत केले. सक्ती असावी की नसावी, हा वाद विद्वान करतील. ज्याच्यावर अडत्याची उचल आहे, त्याला मात्र बाजार मोकळा असला तरी वाट एकच असते : ज्याचे देणे, त्याच्याच दुकानी माल.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. घरात एक वही ठेवावी. तीत नुसता भाव न लिहिता हमाली, तोलाई, भाडे वजा जाता हाती आलेली रक्कम, ती मिळाल्याची तारीख आणि त्या तारखेपर्यंत चढलेले व्याज, हे तिन्ही लिहावे. नोंदणीकृत गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळू शकते. २००७ च्या गोदाम कायद्याने त्या पावतीला बळ दिले आहे, त्याची चौकशी करावी. दोन महिने थांबण्याची ऐपत आली, तर शेतकरी कोणत्याही बाजारात ताठ मानेने उभा राहील. ती ऐपत देईल तीच व्यवस्था आमच्या मते खरी.