जनुकाला मानवणारी पेशी

मक्याचे पोंगे पोखरणारी अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात आढळली. प्रयोगशाळांना मात्र ही कीड त्याआधी कित्येक दशके उपयोगी पडत आली आहे. तिच्या कोषावस्थेतील अंडाशयाच्या पेशींपासून अमेरिकेत तयार झालेल्या पेशीवंशाचाच ‘एसएफ-९’ हा उपवंश होय. पशुरोगांच्या लसी व निदान संच यांसाठी लागणारी प्रथिने त्यात तयार करता येतात.

जमीन पाहून वाण निवडावा, तसे जनुक पाहून पेशी निवडावी लागते. जनुकाच्या केवळ प्रती वाढवायच्या असतील, तर ई. कोलाय जिवाणूचा ‘डीएच-५ अल्फा’ हा प्रकार सोयीचा ठरतो. डीएनएची अदलाबदल घडवून आणणारे त्याचे एक जनुक निकामी केलेले असल्याने प्रतींमध्ये फेरफार होण्याचा धोका कमी होतो. डीएनए तोडणारे एक विकरही त्यात नसते, म्हणून प्रती स्वच्छ मिळतात.

प्रथिन हवे असल्यास ‘बीएल-२१’ हा प्रकार अधिक योग्य. त्यात प्रथिने तोडणारी दोन विकरे नसतात, त्यामुळे तयार झालेले प्रथिन टिकते. खर्च कमी आणि वाढ जलद, हे जिवाणूंचे मोठे बळ आहे.

तथापि, अनेक विषाणूंच्या बाह्य प्रथिनांवर शर्करेच्या साखळ्या असतात. ई. कोलायचे हे नेहमीचे प्रकार त्या जोडू शकत नाहीत. प्रथिनाचा आकार बदलला, तर आजारी जनावराच्या रक्तातील प्रतिपिंडे त्याला ओळखतीलच असे नाही. मग संच ‘रोग नाही’ असे दाखवतो आणि बाधित जनावर कळपातच राहते. अशा वेळी कीटक-पेशी कामी येतात. डुकरांच्या क्लासिकल स्वाइन फीवरवरील ‘ई-२’ प्रथिनाची लस याच मार्गाने तयार झाली.

कीटक-पेशींतील साखळ्या सस्तन प्राण्यांपेक्षा साध्या असतात. हुबेहूब रचना आवश्यक असल्यास चिनी हॅमस्टरच्या ‘सीएचओ’ पेशी वापरतात. त्यांतील डीएचएफआर जनुक नसलेल्या वंशात ते जनुक इच्छित जनुकासोबत सोडतात आणि मेथोट्रेक्सेट औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवतात. दोन्ही जनुकांच्या प्रती ज्यांत वाढल्या, त्याच पेशी बहुधा तगतात. या कामास अनेक महिने लागतात व खर्चही वाढतो.

म्हणून सर्वांत महाग पेशी सर्वोत्तम, असे नाही. नवा निदान संच स्वीकारताना विस्तार कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: त्यातील प्रथिन कोणत्या पेशीत तयार केले आहे आणि प्रत्यक्ष गोठ्यांतील नमुन्यांवर संचाची चाचणी झाली आहे काय?